जाड छर्रा, बारीक छर्रा

बंदूक घ्यायची ठरली तेव्हा आमच्या घरात बंदुकीतलं कुणालाच काही कळत नव्हतं, पण मत प्रत्येकाला होतं. तात्यांना ती लांब नळीची हवी होती. मायला ती मोठ्या आवाजाची हवी होती. मोठीमायला ती घरातच नको होती. ज्यांच्यासाठी ती घ्यायची ते दादा, म्हणजे माझे वडील, मात्र गप्प होते, कारण आमच्या घरात धाकट्या भावानं गप्प बसायचं असा रिवाज होता. तात्या माझे थोरले चुलते, मोठीमाय त्यांची बायको. घर एक, चूल एक, जमिनीचा सातबारा तात्यांच्या नावावर. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची, सातवीतून शाळा सोडलेली, आणि भोकरदनच्या बाजारात माझ्याशी भाव करायला बायका दबकत.

त्या बंदुकीची हकीकत आमच्या भावकीत इतकी वर्षं सांगितली जाते, आणि ती चुकीची सांगितली जाते. लग्नाच्या मांडवात, तेराव्याच्या पंगतीत, मी पाण्याचा तांब्या उचलायला वाकले की मागून कुणीतरी म्हणतंच, "हिनंच घासाघीस केल्ती ना तवा." मी ऐकलं नाही असं दाखवते. पोरगा म्हणतो, आई, जाऊ दे, तुझा बीपी वाढतो. माझा बीपी कशानं वाढतो ते मला माहीत आहे. म्हणून एकदा सगळं जसं झालं तसं लिहून काढते आहे, तात्यांचं तात्यांना आणि माझं मला.

आमच्या गावामागं काळी जमीन संपते आणि डोंगर सुरू होतो. तात्यांचं विहिरीचं रान गावालगत होतं. दादांकडं वरचं रान, डोंगराच्या पोटाला लागलेलं, मुरमाड, दगडाच्या बांधांचं. कागदावर तेही तात्यांचंच. तिथं मका व्हायचा, थोडी तूर व्हायची, आणि रानाच्या वरच्या अंगाला डोंगरभर सीताफळाची झाडं. ती कुणी लावली नव्हती. आश्विनात फळांच्या खवल्यांमधल्या रेघा पांढुरक्या पडायला लागल्या, की आम्ही म्हणायचो, डोळे उघडले. मग सकाळी उजाडता उजाडता गावातल्या बाया फांद्या ओढायच्या आकड्या आणि पाट्या घेऊन डोंगर चढायच्या. दिवस वर आला की फळ तापतं, हाताला मऊ लागतं आणि बाजारात पोचेपर्यंत फुटतं. वरच्या रानात भाकरी न्यायचं काम माझं होतं. ज्वारीच्या दोन भाकरी, मधे लाल ठेचा, कधी अंबाडीची भाजी. दादा मचाणावरून उतरून बांधावर बसत, कांदा गुडघ्यावर ठेवून बुक्कीनं फोडत आणि अर्धा मला देत. वर सगळा आवाज पाखरांचा, मोरांचा, आणि दादांच्या डब्याचा. तेलाचा रिकामा डबा त्यांनी मचाणाला टांगलेला होता. रानडुकरं आली की काठीनं तो बडवायचे.

अस्वलाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो लोहाराचा भाता वाटला. डोंगराच्या घळीत कुणीतरी जोरजोरात फुंकून राह्यलंय आणि मग तेवढ्याच जोरानं आत ओढून राह्यलंय, असा. दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं आणि कानाशी म्हणाले, "वाळवी खातंय. वारा तिकडून हाय. हलू नको." आम्ही तसेच बसून राहिलो. आवाज लांब गेल्यावर दादांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला, तेव्हा बोटांचे ओले ठसे माझ्या झंपरावर उमटले होते. आमच्याकडं पूर्वी अस्वल कुणाच्या वाटेला जात नसे म्हणतात. पण त्या साली वरचा डोंगर वाळून गेला होता, आणि सीताफळाला माणसं आणि अस्वलं एकाच वेळी यायला लागली. त्याच हंगामात शेजारच्या वाडीतल्या सोनाबाईला अस्वलानं धरलं. केसांसकट डोक्याची कातडी मागं लोंबत होती आणि ती बाई स्वतःच्या पायानं डोंगर उतरली, पदरानं डोकं बांधून. ती मेली नाही. पण पुढं तिला पाहून पोरं रडायची, म्हणून तिनं बाहेर पडणं सोडलं.

मायनं त्या दिवशी चुलीपुढं बसून सांगितलं, "आता एकतर वरचं रान सोडा, न्हाईतर ह्यांच्या हातात कायतरी द्या." ती तात्यांच्या समोर कधी बोलायची नाही, तेव्हाही भिंतीकडं तोंड करूनच बोलली. रान सोडणं तात्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी पीक राखायच्या बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला, आणि वर्षभर खेटे घालून परवाना मिळवला. तो त्यांच्या नावावर. रान राखणार दादा आणि परवाना तात्यांचा, हे कायद्यात बसत नव्हतं, पण आमच्या घरात बसत होतं.

बंदुकीतलं खरं कळणारा एकच माणूस आमच्या ओळखीचा होता. कासमचाचा. तासाभराच्या वाटेवरच्या गावात राहायचे, जंगलखात्यात वनमजूर होते, आणि त्याआधी त्यांच्या वडिलांबरोबर जुन्या लोकांच्या शिकारीत हाका घालायला गेलेले. दादांचा त्यांच्याशी घरोबा. परवाना आल्यावर दादांनी त्यांना बोलावून आणलं. चाचा ओट्यावर मांडी घालून बसले, बशीत चहा ओतला आणि पहिल्यांदा हेच म्हणाले, "मारने के वास्ते लेना है तो नक्को लेना. भालू मारला तर सरकार आत टाकतं, आन् बराबर करतं. जीव वाचवायला घेत असाल तर सांगतो."

"वाचवायलाच," दादा म्हणाले.

"मंग ऐका. वाघ भुकेनं येतो, त्याचं काय ते गणित असतं. भालू डरून येतो. त्याला वाटतं तूच त्याला खानार हाय. तो तोंडावरच येतो, बाकी कुठं न्हाई. आन् तुला वेळ किती? 'अगं माय' म्हनशील, तेवढा. एक बार तर कुनीबी मारंल. दुसऱ्याचं काय? एकनळीत पहिला बार झाला की बंदूक मोडायची, रिकामं काडतूस काढायचं, नवं घालायचं, मिटायची. तोवर तो तुझ्यावर बसला. म्हनून दुनळी घ्या. जुनी असंना, घासलेली असंना. दोन नळ्या, दोन बार. दुसरा बार तुमच्या बालबच्च्यांचा, समजा." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण मी पुढं सरकून ऐकत होते. "आन् छर्रा जाड. एल.जी. बोलते उसको. वाटाण्याएवढा दाना. बारीक छर्रा तितराला. भालूचे बाल इतके दाट, त्यात बारीक छर्रा नुसता खाजवतो."

तात्या हसले. "चाचा, आमी काय जंगलात ऱ्हातो? आवाज केला तरी पळंल ते."

"पळंल," चाचा म्हणाले. "दस में से नौ बार पळंल."

जालन्याला आम्ही तिघं गेलो. तात्या, दादा आणि मी. मला नेलं ते भाव करायला. तात्या स्वतः भाव करत नसत, त्यांना ते हलकं वाटायचं, पण दुसऱ्यानं केलेला चालायचा. दुकान मस्तगडाकडच्या एका गल्लीत, जिना चढून वर. भिंतीवर बंदुका साखळीनं ओवून ठेवलेल्या, तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास. शेठनं परवाना उजेडात धरून दोनदा वाचला आणि फळीवर तीन बंदुका मांडल्या. एक ठासणीची. तात्यांनी ती नुसती बघूनच बाजूला सारली, "ही काय दिवाळीला वाजवायची हाय का?" दुसरी एकनळी, नवी कोरी, लांब, दस्त्यावर चकाकी अशी की त्यात खिडकी दिसत होती. तिसरी दुनळी. कुण्या जमीनदाराच्या घरच्यांनी तो वारल्यावर विकायला ठेवलेली. दस्त्याच्या मानेला चीर गेली होती आणि तिथं तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली होती. दादांनी ती उचलली. खांद्याला लावली. दोन्ही घोडे एकामागून एक ओढून पाहिले, आवाज ऐकला, परत ओढून पाहिले. त्यांनी एखादी वस्तू अशी हातात धरून ठेवलेली मी कधी पाहिली नव्हती. बाजारात ते बैलसुद्धा लांबून बघत.

"तात्या, ही बरी वाटती," दादा म्हणाले.

"मयताची बंदूक घरात न्यायची? आन् ही तार? लोक बघायला येतील तर काय दाखवू, तार?"

"चाचा म्हन्ला की..."

"चाचा झोपतो का आपल्या मचानावर?"

"न्हाई."

"मंग?"

तुम्ही तरी कुठं झोपता, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी बाजारात कुणाचं एक ऐकून घेत नसे, पण तिथं गप्प राहिले. तात्यांनी एकनळी उचलून कपाटाच्या काचेत स्वतःला बघितलं, टोपी सरळ केली, आणि मला म्हणाले, "सुमे, ह्या बंदुकीचा भाव कर." आणि खरं सांगायचं तर त्या शब्दासरशी मी दुनळी विसरले. कुणी भाव कर म्हटलं की माझं डोकं दुसरं काही ऐकत नाही. आजही नाही. सीताफळाच्या गराचे परपेठचे व्यापारी माझ्या गाळ्यावर येतात तेव्हा पोरगा आधी मला पाणी देतो आणि मग त्यांना.

शेठ म्हणाला, "बाई, ही भाजी न्हाई. याला एकच भाव."

"भाजीला तरी कुठं दोन असतात? तुमी सांगता तो आन् आमी देतो तो." मी चपला घातल्या, जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर उभी राहिले. वर तात्या उगाच खोकत होते. शेठनं हाक मारायला वेळ लावला, पण मारली. बंदुकीवर तो काही सोडेना, बिलकुल सोडेना. मग मी काडतुसांवर आले. परवान्यावर वर्षाची पंचवीस लिहिलेली होती. पंचवीसच्या पंचवीस जाड छर्ऱ्याची घ्यायची तर भाव चढा होता. शेठ म्हणाला, दहा जाड घ्या, पंधरा बारीक घ्या, पाखरांची, ती जुन्या भावानं लावतो. वर पट्टा आणि नळी साफ करायचा गज फुकट. मी गजाला लावायचं तेलही मागून घेतलं. दादांनी माझ्याकडं पाहिलं. "समदीच जाड घेतली असती तर..." एवढंच म्हणाले. तात्या म्हणाले, "आवाज दोन्हीचा सारखाच ना? झालं तर." मी दादांना म्हटलं, "दहा पुष्कळ झाली. तुमाला काय लढाई करायची हाय?"

परत येताना भोकरदनच्या स्टँडवर तात्यांनी भजी घेतली आणि ओळखीचा दिसेल त्याला सांगितलं, "आमच्या सुमीनं शेठला घाम फोडला." त्यांनी माझं केलेलं कौतुक मला तेवढं एकच आठवतं. ते मी किती दिवस मनात घोळवत होते ते आता लिहायला बरं वाटत नाही.

चाचा बंदूक बघायला आले. त्यांनी एकनळी पाहिली, दादांकडं पाहिलं आणि काडतुसं मागितली. काडतुसं सगळी एकसारखी, लाल कागदाची. तोंडाला पुठ्ठ्याची गोल चकती, आणि त्या चकतीवर छापलेलं, कशावर एल.जी., कशावर आकडा. ओळखायची खूण तेवढीच. चाचांनी ती दोन ढिगात लावली आणि मोठ्या ढिगाकडं बोट दाखवून म्हणाले, "इतकी बारीक कशाला? तितर पाळले का?"

"भावात बसवली," मी म्हटलं.

"वा बेटी. दुकानदारासंगं भाव केला. भालूसंगं बी करनार का?"

ओट्यावर बसलेले सगळे हसले. तात्या सगळ्यांत मोठ्यांदा हसले. मला ते हसू सोसलं नाही. मी म्हटलं, "तुमाला काय करायचंय, चाचा? तुमच्या घरचं खायला बसलोय का आमी?" चाचा माझ्या वडिलांपेक्षा वडील. त्यांनी बशी अर्धीच खाली ठेवली, दादांच्या खांद्यावर थाप मारली आणि निघून गेले. दादा मला रागावले नाहीत. ते दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत.

मग दसरा आला. मोठीमायला बंदूक घरात नको होती, पण आलीच आहे तर देवाच्या पायावर घातली पाहिजे असं तिचं म्हणणं. शस्त्राची पूजा आमच्याकडं विळा, कुऱ्हाड, वखराची पास यांची व्हायची. त्या वर्षी मधोमध बंदूक. मी आपट्याची पानं आणायला डोंगराकडं गेल्ते. परत आले तेव्हा पितळेच्या ताटात पंचवीस काडतुसं उभी लावलेली होती, आणि मोठीमाय अंगठा कुंकवाच्या पाण्यात बुडवून एकेकाच्या डोक्यावर दाबून लावत होती. मन लावून, एकही न चुकवता. तिच्या मनातली भीती ती त्या अंगठ्यानं काढत होती. मी धावत जाऊन एक उचललं आणि परकरानं पुसलं. ओला पुठ्ठा फुगला होता. कुंकवाबरोबर छापलेलं अक्षरही निघून आलं. दुसरं पुसलं, तेही तसंच. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण देवासमोर ओरडायचं नव्हतं. तात्या आतून आले. "कुंकवाला नावं ठेवतीस? देवाच्या कुंकवानं कधी कुनाचं वाईट झालंय?" त्यांनी ताटातली हाताला येतील ती पाच काडतुसं उचलली आणि सीमोल्लंघनाला गावाबाहेर जाऊन पाचही हवेत उडवली. गावानं टाळ्या वाजवल्या. वीस राहिली. त्यात जाड किती आणि बारीक किती, हे घरातल्या एकालाही सांगता येत नव्हतं.

दादांनी सोनं वाटून झाल्यावर मला गोठ्याशी गाठलं. "चाचाला कळंल. त्याला अशीबी ओळखता येतात. उद्या काडतुसांचा डबा घेऊन जा आन् येगळी लावून आन. आन् सुमे, माफी माग त्याची." मी म्हटलं, जाते. दुसऱ्या दिवशी बाजार होता. तिसऱ्या दिवशी पाट्या विणायच्या होत्या. चौथ्या दिवशी मी डबा घेऊन गावाच्या वेशीपर्यंत गेले आणि परत आले. तासाभराची वाट. मला चालायचा कंटाळा नव्हता. मला त्या माणसाच्या दारात उभं राहायचं नव्हतं, त्यानं हसून "ये बेटी" म्हटलं असतं ते ऐकायचं नव्हतं. पाचव्या दिवशी दादांनी मचाणावरून विचारलं, "जाऊन आलीस?" मी हो म्हटलं. खाली भाकरी सोडत होते, मान वर केली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दादा माझ्यावर कधी खोटेपणाचा संशय घेत नसत. बाजारात मी लबाड होते हे त्यांना माहीत होतं, पण घरात नाही, असा त्यांचा समज.

ज्या सकाळी ते झालं त्या सकाळी फळं इतकी आली होती की डोंगर गोड वासानं भरला होता. मी, माय आणि गल्लीतल्या तीन बाया निघालो. दादा राखणीला पुढं. निघताना त्यांनी तात्यांच्या खोलीतून बंदूक आणली आणि डबा माझ्यापुढं धरला. "जाड कोन्ती?" मी डब्यात हात घातला. चाचांकडं जाऊन आलेली मुलगी जशी उचलेल तशीच उचलायला हवी होती, चाचपडून चालणार नव्हतं. मी दोन उचलली आणि दिली. "ही घ्या." त्यांनी एक नळीत घातलं, एक सदऱ्याच्या खिशात.

दिवस डोंगराआडून निघाला होता, दवानं परकर ओले झाले होते. माय एका झाडाखाली वाकून फळं पाटीत ठेवत होती. घळीच्या तोंडाशी काळं काहीतरी उभं राहिलं. त्याच्या पाठीवर आणखी एक लहान काळं. पिल्लू होतं. मी आधी पिल्लूच बघितलं, आणि मला हसू येणार होतं. मग त्या मोठ्या अस्वलानं जो आवाज काढला तो मी कुठल्याच जनावराचा ऐकला नाही, आणि ते सरळ मायकडं निघालं. दादा आडवे आले. "खाली पड!" असं मायला ओरडले आणि बार काढला. अंतर आमच्या अंगणाएवढं, वीसेक पावलं असेल. छर्रा लागला हे मला दिसलं. त्याच्या छातीवरच्या केसांतून धूळ उडाली, गोधडी झटकल्यासारखी. अस्वल एकदा थांबलं, अंग हलवलं, आणि पुढं आलं.

दादांनी बंदूक मोडली. दवानं कागद फुगला होता, रिकामं काडतूस नळीतून निघेना. ते नखांनी ओढत होते. एक हात खिशाकडं जाऊन परत नळीकडं आला. अस्वल त्यांच्यावर उभं राहिलं तेव्हा त्यांचे डोळे बंदुकीकडंच होते. मायनं मचाणाशी धावत जाऊन तेलाचा डबा बडवला, बाया किंचाळल्या, मी आकडी घेऊन त्याच्या पाठीवर मारत राहिले, एकदा, दहादा, मोजलं नाही. पिल्लू कुठंतरी ओरडलं आणि ते उठून गेलं. एवढंच. तितका वेळ मी एक पाटी भरायला घेत असे.

दादा औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात दोन महिने होते. एक डोळा गेला, नाक अर्धं गेलं, खालचा जबडा तारांनी बांधला. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले नशीब. आता जंगलखातं भरपाई देतं, पोरं अस्वलाचे व्हिडिओ काढून एकमेकांना पाठवतात आणि खाली हसणारी तोंडं लावतात. मी तसा व्हिडिओ आला की फोन उलटा ठेवते.

दादा घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्याला, कासमचाचा आले. अंगणात बाजेवर दादा टेकून बसलेले, माय त्यांना चमच्यानं पेज भरवत होती. पेज हनुवटीवरून परत यायची, ती पुसायची आणि पुन्हा चमचा. तात्या खुर्चीत. भावकीतले चार लोक. चाचा आधी दादांजवळ बसले, त्यांचा हात हातात धरून बसून राहिले. मग म्हणाले, "वो डब्बा लाओ." मोठीमायनं आणला. त्या दिवसानंतर तिनं त्याला हात लावला नव्हता. चाचांनी एक काडतूस कानाशी धरलं, हळूच हलवलं आणि उजवीकडं ठेवलं. दुसरं हलवलं, डावीकडं. जाड छर्रा आत वाटाण्यासारखा खुळखुळतो, बारीक नुसता वाळूसारखा सरकतो. आम्ही सगळे बघत होतो. चुलीवरचा चहा उकळायच्या आत त्यांचं काम झालं. मग मायनं आतून दादांचा तो सदरा आणला, रक्तानं वाळून कडक झालेला, आणि खिशातलं काडतूस काढून त्यांच्या हातावर ठेवलं. चाचांनी ते हलवलं. दोनदा हलवलं. उजवीकडं ठेवलं.

"ये जाड था," ते म्हणाले. "दुनळी असती तर हे दुसऱ्या नळीत असतं."

तात्या खुर्चीतून उठले. "दुनळी काय, एकनळी काय! पंधरा बारीक घेतली कुनी? स्वस्तातलं कुनी आनलं? इचारा तिला." आणि त्यांचं बोट माझ्याकडं. तेव्हापासून ते बोट भावकीत फिरतंय. तात्या गेले, त्यांच्या पोरांनी उचललं. मी त्यावर भांडले, पुष्कळ भांडले. एकनळी कुणी निवडली, पाच काडतुसं हवेत कुणी उडवली, वर झोपायला कोण जायचं, हे सगळं मी लोकांच्या तोंडावर विचारलं आहे आणि त्याचं उत्तर मला एकानंही दिलेलं नाही. वाटणीच्या वेळी विचारलं, तात्यांच्या तिरडीपाशी विचारलं. त्यात मी एक शब्द मागं घेत नाही.

पण त्या दुपारी चाचांनी तात्यांकडं लक्षच दिलं नाही. ते दोन्ही ढिगांकडं बघत होते. "मला हे कळत न्हाई," ते म्हणाले, आवाज न चढवता. "कुंकू लागलं, अक्षर गेलं, ठीक. मेरे पास कोई क्यूं नइ आया? एका घंट्याची वाट. कुनी बी आलं असतं. पोर आली असती."

दादांनी मान वळवली. त्यांना मान वळवायला वेळ लागायचा, खांद्यासकट वळावं लागायचं. राहिलेला एक डोळा माझ्यावर आला आणि थांबला. मी भिंतीला टेकून उभी होते, हातात चहाची बशी. मला वाटलं आता ते बोट उचलतील. बोलता येत नव्हतं, पण बोट उचलता येत होतं. मला ते उचलायला हवं होतं असंही वाटलं, आणि नकोही होतं.

दादांनी हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. दोनदा थोपटलं. मग चाचांकडं बघून मान हलवली. मी जायचं होतं, मी गेलो नाही, असं.

"हा असाच," तात्या म्हणाले. "ह्याला कधी काय वेळंवर उरकलंय?"

 मायनं दादांची हनुवटी पुसली आणि पेजेचा पुढचा चमचा भरला.